स्टेन्सिल-चित्रण, टाकाऊ वस्तूंवरील (कोल्हापूर)

पत्रा, पुठ्ठा किंवा प्लॅस्टिकच्या पातळ तक्त्यात आकृती कोरून, त्या पोकळीतून मोडीत निघालेल्या वस्तूवर रंग उतरविण्याची पद्धत. कोल्हापूर शहरात व जिल्ह्यात यासाठी तेलाचे डबे, पिंपे, दुधाच्या किटल्या, जुन्या वाड्यांच्या सागवानी फळ्या व दारे, ओतकामाचे लाकडी पॅटर्न (ज्यांवरून साचा पाडतात ते नमुने), यंत्रमागाचे धोटे (आडव्या धाग्याची कांडी वाहणारे लाकडी भाग) असा माल हाताशी असतो. ठशाच्या कामापासून ही पद्धत तत्त्वतः वेगळी आहे. ठशात रंग उंचवट्याला लागून पुढे उमटतो, स्टेन्सिलीत तो पोकळीतून खाली जातो. बेंदराला बैलांच्या अंगावर वाटीच्या कडेने उठविलेली गेरूची वर्तुळे हा ठसा होय. जाळीदार डबीतून उंबऱ्यापुढे पडणारी रांगोळी ही स्टेन्सिल.

पद्धतीची प्राचीनता बहुधा गुहांतील हातांच्या आकृत्यांपासून मोजली जाते. भिंतीवर पंजा टेकवून त्याभोवती तोंडाने किंवा नळीने गेरू फुंकला की पंजाची कोरी आकृती उरते. इंडोनेशियातील सुलावेसी बेटावरील अशा एका पंजाचे वय किमान ३९,९०० वर्षे असल्याचे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. स्पेनमधील माल्त्राविएसो गुहेतील पंजा ६४,००० वर्षांहून जुना, म्हणजे निअँडरथल मानवाचा, असल्याचा दावा २०१८ मध्ये पुढे आला. मात्र हे कालमापन रंगाचे नसून रंगावर साचलेल्या चुनखडीच्या पापुद्र्यातील युरेनियम व थोरियम यांच्या प्रमाणावरून केलेले आहे. पाण्याबरोबर त्यातील युरेनियम वाहून गेले असेल, तर वय आहे त्याहून जास्त दिसते. हा आक्षेप स्पेनच्या पंजाबाबत अद्याप पुरता मिटलेला नाही. सुलावेसीचे वयही याच पद्धतीने काढलेले असले, तरी त्यावर एवढा वाद नाही, त्यामुळे तो आकडा आधाराला घेणे अधिक सुरक्षित.

ऐतिहासिक काळात पद्धतीला अनेक शाखा फुटल्या. चीनमधील दुनह्वांग येथे बुद्धप्रतिमांची पुनरावृत्ती करण्यासाठी सुईने टोचलेले कागद सापडले आहेत. त्यांतून भुकटी झाडून केवळ बाह्यरेषा मिळते. आपल्याकडील भरतकामाचे खाकेही याच जातीचे. काटेकोर अर्थाने ही स्टेन्सिल नव्हे. यूरोपात पंधराव्या शतकापासून खेळायच्या पत्त्यांवर रंग भरण्यासाठी स्टेन्सिली वापरीत. मथुरा-वृंदावनच्या वैष्णव मंदिरांतील सांझीत कात्रीने कापलेल्या कागदांतून भूमीवर, क्वचित पाण्याच्या पृष्ठभागावरही, रंगांची भुकटी पाडतात.

तंत्राच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची शाखा जपानी कातागामी. तुतीवर्गीय झाडाच्या सालीच्या कागदाचे अनेक थर, टेंभुर्णीच्याच प्रजातीतील एका फळाच्या तुरट रसाने चिकटवून हा तक्ता तयार होतो. नक्षीतील सुटे तुकडे जागेवर राहावेत म्हणून दोन थरांमध्ये रेशमी धागे घालीत. केसांचा वापर होत असे, अशीही कथा प्रचलित आहे, परंतु रेशमी धाग्यांचा पुरावाच भक्कम आहे. याच धाग्यांवरून यूरोपीय कारागिरांना ताणलेल्या रेशमी जाळीची, म्हणजे स्क्रीन प्रिंटिंगची, कल्पना सुचली असे सर्रास लिहिले जाते. इंग्लंडमध्ये सॅम्युएल सायमन यांनी १९०७ मध्ये त्या पद्धतीचे पेटंट घेतले, तेव्हा जपानी तक्ते यूरोपातील संग्रहांत पोहोचलेले होते, हे खरे. पण समकालीनता म्हणजे ऋण नव्हे. दोन्हीकडे अडचण एकच असल्याने उपायही स्वतंत्रपणे सुचू शकतो.

कोल्हापुरातील उगमाविषयी दोन मते संभवतात. पहिल्यानुसार ही कला पेंटर परंपरेतून आली. आबालाल रहिमान (मृत्यू १९३१), आनंदराव पेंटर (मृत्यू १९१६) व बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) यांच्यामुळे शहरात चित्रकाराला मान होता. नाटकांचे पडदे, पुढे महाराष्ट्र फिल्म कंपनीचे (तिच्या स्थापनेची १९१७ ते १९१९ अशी वेगवेगळी वर्षे दिली जातात) देखावे व भित्तिपत्रके येथेच रंगली. पडद्यांच्या किनारीसारखी आवर्ती नक्षी स्टेन्सिलीने काढण्याची रंगभूमीवरील जुनी सोय पाहता, या मताला काही आधार आहे.

दुसरे मत बाजाराच्या ‘मार्क्या’कडे, म्हणजे मालावर उठविलेल्या पेढीच्या खुणेकडे, बोट दाखविते. मिरज–कोल्हापूर लोहमार्ग १८९१ मध्ये सुरू झाला. १८९५ च्या सुमारास छत्रपती शाहू महाराजांनी शाहूपुरी पेठ वसविली व तेथे गुळाची बाजारपेठ वाढली. १९०६ मध्ये शाहू मिलचा पाया घातला गेला. इचलकरंजीत १९०४ च्या सुमारास पहिला यंत्रमाग आला. रेल्वेने दूर जाणाऱ्या पोत्यावर किंवा गाठीवर पेढीचे नाव, प्रत व ठिकाण लिहिलेले असावे लागते आणि शेकडो नगांवर हाताने लिहीत बसणे कोणाला परवडत नाही. पत्र्याचा तक्ता, काळा रंग आणि चिंधीचा बोळा एवढ्यावर ते भागते. साखर कारखान्यांच्या पोत्यांवरील ‘एस-३०’, ‘एम-३०’ या प्रतींच्या खुणा हे त्याचे आजही परिचित रूप; तो मजकूर आता बहुधा यंत्राने छापलेला असतो. पेंटरची प्रतिष्ठा मुक्तहस्त रेषेत होती; स्टेन्सिल वापरणे ही त्याच्या दृष्टीने हमालीच, आणि वापरली तरी तो तिच्या खुणा ब्रशने मिटवून टाकी. याउलट आजच्या टाकाऊ वस्तूंवरील कामात त्या खुणा मुद्दाम उघड्या ठेवलेल्या असतात. यावरून दुसरे मत अधिक संभाव्य वाटते आणि येथील वापराचा आरंभ १८९० नंतरचा धरावयास हरकत नाही.

खुणा म्हणजे मुख्यतः ‘जोड’. अक्षराच्या पोटातील भाग तक्त्यातून सुटून पडू नये म्हणून कोरताना सोडलेली अरुंद पट्टी म्हणजे जोड. रोमन लिपीत हा प्रश्न मोजक्या अक्षरांपुरता असतो. देवनागरीत शिरोरेषेमुळे तो पसरतो. प, म, य, स यांची पोटे वस्तुतः शिरोरेषेनेच बंद होतात, तर क, व, ब यांची वाटोळी पोटे स्वतःच बंद असतात. ‘कोल्हापूर’ हा शब्द कोरायला घेतला तर क च्या डाव्या पोटाला जोड देणे भागच असते. ल्हा व र उघडे असल्याने ते काही मागत नाहीत. प चे पोट मात्र शिरोरेषा कशी कापली यावर अवलंबून राहते: ती अखंड कापली तर प ला वेगळा जोड हवा, दंडाच्या डावीकडे शिरोरेषा तोडली तर तोच तुकडा जोडाचे काम करतो. ‘गूळ’ या छोट्या शब्दात ग निमूट उतरतो आणि ळ ची दोन्ही वेटोळी अडून बसतात.

अखंड शिरोरेषेचा दुसरा दोष यांत्रिक आहे. तक्त्यात एवढी लांब फट पडली की तिच्या वरची पट्टी लवते, पृष्ठभागावर बसत नाही आणि तिच्याखाली रंग पाझरतो. यावर कारागिरांचे दोन तोडगे आहेत. एक, शिरोरेषा कोरायचीच नाही. अक्षरे उतरल्यावर ती पट्टी धरून ब्रशने ओढायची. ही पाट्या रंगविणाऱ्यांची रीत. दुसरा, प्रत्येक अक्षरापाशी शिरोरेषा तोडायची व ती तशीच तुटक राहू द्यायची. ही मार्क्याची रीत, आणि डब्यांवर व पिंपांवर दिसणाऱ्या नव्या कामात तीच शैली म्हणून रुजली आहे. संगणकावर अखंड शिरोरेषेचा फाँट घेऊन त्याला यांत्रिकपणे जोड दिलेले तक्तेही आढळतात. त्यांत जोड अक्षराच्या वळणाशी काटकोन करीत नसल्याने अक्षरे तडकल्यासारखी दिसतात; हाताने कोरणारा जोड नेहमी रेषेला आडवा घेतो.

तक्त्यासाठी पूर्वी जस्ताचा किंवा पितळेचा पातळ पत्रा छिन्नीने कापीत. बेलतेल (उकळलेले जवसाचे तेल) पाजून वाळविलेला पुठ्ठा हा त्याहून स्वस्त पर्याय. हल्ली जुन्या एक्स-रे फिल्म विशेष पसंत केल्या जातात: त्या ब्लेडने सहज कापल्या जातात, धुऊन पुन्हा वापरता येतात आणि पिंपाच्या गोलाईवर वळतात. धातूचा तक्ता सपाट पृष्ठभागावरच कामाचा. रंगाचा मुख्य नियम कोरडेपणाचा आहे. आखूड, सपाट कापलेल्या केसांचा गोल ब्रश (दाढीचा जुना ब्रशही चालतो) रंगात बुडवून कागदावर जवळजवळ रिता करतात आणि उभा धरून ठोकत रंग लावतात. ब्रश ओढला की रंग कडेखाली शिरतो. एकाहून अधिक रंग असल्यास प्रत्येकाला वेगळा तक्ता लागतो व सर्व तक्त्यांच्या कोपऱ्यांत एकाच जागी नोंदखुणा कोरतात.

टाकाऊ वस्तूवरील काम बिघडते ते बहुधा आकृतीमुळे नव्हे, पृष्ठभागामुळे. जस्ताचा मुलामा असलेल्या बादलीवर किंवा पन्हळी पत्र्यावर ऑइल पेंट थेट मारल्यास काही काळाने रंगाचे पापुद्रे सुटतात. रंगातील तेल व जस्तावरील अल्कधर्मी क्षार यांची प्रक्रिया होऊन मध्ये साबणासारखा थर तयार होतो. त्यासाठी आधी वॉश प्रायमर (रंगाला पकड देणारे पातळ अस्तर) लावतात किंवा पाण्यात मिसळणारा अ‍ॅक्रिलिक रंग वापरतात. गंजलेल्या लोखंडाला काचपेपर आणि रेड ऑक्साइड पुरते. खाद्यतेलाचा डबा धुण्याच्या सोड्याने तेलकटपणा जाईपर्यंत धुवावा लागतो. असा डबा एकदा रिता झाला की अन्नसुरक्षा नियमांनुसार त्यात पुन्हा खाद्यतेल भरता येत नाही, त्यामुळे कुंडी म्हणून त्याचा पुनर्जन्म ठरलेलाच असतो. पिंपात पूर्वी थिनर किंवा इंधन असल्यास ते गॅस कटरने कापणे प्राणघातक ठरू शकते; आतील वाफ पेट घेते.

जुन्या दारांबाबत निराळी दक्षता लागते. जुन्या तैलरंगांत व शेंदराच्या अस्तरांत शिसे असते. भारतात घरगुती रंगांतील शिशाला दहा लाखांत ९० भाग ही मर्यादा २०१६ च्या नियमांनी घातली व ती नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीचा रंग संशयास्पद मानून कोरडा घासू नये, पाणी लावून घासावा व निघालेला गाळ मुलांपासून दूर ठेवावा. पंचगंगेच्या २०१९ व २०२१ मधील महापुरांत भिजून मोडीत निघालेल्या सामानापैकी प्लायवूडचे थर सुटतात, ते या कामाला निरुपयोगी. सागवान टिकते, परंतु ते सावलीत सुकवून ओलावा सुमारे १५ टक्क्यांच्या आत आल्यावरच रंगवावे.

येथील कामाचे वेगळेपण वस्तूंमध्ये आहे. शिवाजी उद्यमनगर, शिरोली व गोकुळ शिरगाव येथील फौंड्र्यांमुळे ओतकामाचे बाद पॅटर्न उपलब्ध असतात. दातेरी चाकांचे, पंपाच्या कवचांचे हे लाकडी नमुने मुळातच सुबक सुतारकाम असतात. त्यांवर लाल, काळे, पिवळे रंगही असतात. ओतलेल्या भागाचा कोणता पृष्ठभाग पुढे लेथवर घासायचा, कोठे गाभा बसवायचा, याची ती सांकेतिक भाषा आहे. जाणकार हे रंग खरवडून काढत नाहीत, मोकळ्या जागेत स्टेन्सिल बसवतात. इचलकरंजीतील धोट्यांचे यंत्रमाग जाऊन बिनधोट्याचे माग येऊ लागल्यापासून धोटे व कांड्या भंगारात दिसतात. धोट्याच्या लाकडात वंगण मुरलेले असते. थिनरने पुसून लाखेच्या पॉलिशचा एक हात दिल्याशिवाय त्यावर रंग वाळत नाही, आणि त्याच्या अरुंद, निमुळत्या अंगावर एका ओळीच्या मजकुरापलीकडे काही मावत नाही.

आकृत्यांत कोल्हापुरी चप्पल सर्वाधिक दिसते, आणि ते स्वाभाविकच आहे: तळाची सलग बाह्यरेषा, पट्ट्यांमधील मोकळ्या जागा व वेणीची आडवी वीण यांमुळे जोड आपोआप मिळतात. कोल्हापुरी साज मात्र स्टेन्सिलीला मानवत नाही. त्याच्या २१ पानांवरील दशावतार व अष्टमंगल चिन्हे लहान आकारात कोरता येत नाहीत. ती गाळली की उरते ती कोणतीही माळ. पैलवान, म्हैस, फेटा हे विषय छायाकृतीने भागतात. देवतांच्या प्रतिमा पायात येणाऱ्या किंवा बसावयाच्या वस्तूंवर टाळल्या जातात.

प्रसाराचा काळ अलीकडचा आहे. फ्लेक्सची छपाई २००० नंतर पसरली तसे पाट्या रंगविणाऱ्यांचे काम आटले. पॅरिसमध्ये १९८१ पासून भिंतींवर स्टेन्सिली उठविणारा ब्लेक ल रा व त्यानंतर ब्रिस्टलचा बँक्सी यांची चित्रे इंटरनेटवरून कलाशाळांतील विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचली, ती याच सुमारास. कोल्हापुरातील कामावर त्यांचा प्रभाव सांगितला जातो; तो विषयांपेक्षा फवाऱ्याच्या डब्याच्या वापरात अधिक जाणवतो. शाळांतील कार्यानुभवाच्या तासाला ‘टाकाऊतून टिकाऊ’ म्हणून होणारे डबे व बाटल्या हा याचा सर्वांत व्यापक, पण सर्वांत कमी टिकणारा प्रकार होय, कारण तेथे अस्तर वगळले जाते.

पूर्ण झालेल्या कामावर पारदर्शक वार्निशचे दोन पातळ हात देतात. तैलयुक्त वार्निश कालांतराने पिवळे पडते, म्हणून पांढऱ्या रंगावर अ‍ॅक्रिलिक वार्निश वापरणे इष्ट. पावसाळी हवेत वार्निश वाळताना त्यावर दुधाळ झाक येते. कोल्हापुरात त्यामुळे जून ते सप्टेंबर या काळात हा शेवटचा हात लांबणीवर टाकतात.