मल्टिनेटिंग
नेटवर्क स्विचवरील एकाच व्हीलॅनला (स्विचवर आखलेल्या आभासी स्थानिक जाळ्याला) दोन किंवा अधिक आयपी सबनेटांमधील (पत्त्यांच्या गटांमधील) पत्ते देऊन त्या सर्व सबनेटांचा गेटवे (सबनेटबाहेर जाण्याचे दार) त्याच व्हीलॅनवर ठेवण्याची पद्धत. सिस्को या नेटवर्क उपकरणांच्या कंपनीच्या परिभाषेत अशा जादा पत्त्याला ‘सेकंडरी’ म्हणतात. प्रोकर्व्ह आणि एक्स्ट्रीम स्विचांच्या पुस्तिकांत ‘मल्टिनेटिंग’ ही संज्ञा रुळलेली आहे. येथे ‘मल्टिनेटिंग’ हीच संज्ञा स्वीकारली आहे, कारण ‘सेकंडरी’ शब्दामुळे तो पत्ता कमी महत्त्वाचा असल्याचा भास होतो. प्रत्यक्षात त्या सबनेटमधील यंत्रांचा गेटवे तोच असतो.

या पद्धतीचा उगम व्हीलॅनच्या इतिहासात शोधावा की आयपीच्या, याविषयी दोन प्रकारची मांडणी करता येते. व्हीलॅनची कल्पना सामान्यतः बेलकोअर या अमेरिकी दूरसंचार संशोधन संस्थेत डब्ल्यू. डेव्हिड सिंकॉस्की यांनी १९८० च्या दशकात केलेल्या इथरनेटविषयक कामाशी जोडली जाते, आणि व्हीलॅनचे आयईईई ८०२.१क्यू हे प्रमाणक १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. स्विचच्या पुस्तिकांत मल्टिनेटिंग व्हीलॅनच्या प्रकरणात येत असल्याने ते त्याचेच अपत्य वाटते. मात्र एकाच यंत्राला अनेक इंटरनेट पत्ते वापरता आले पाहिजेत, ही अपेक्षा सप्टेंबर १९८१ च्या आरएफसी ७९१ या इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजातच आहे. ऑक्टोबर १९८९ च्या आरएफसी ११२२ मध्ये तर स्पष्टच म्हटले आहे की, एका भौतिक जाळ्याला एकच नेटवर्क क्रमांक असेल असे इंटरनेटच्या रचनाकारांनी धरले होते, पण लॅनचे व्यवस्थापक सोयीसाठी हे गृहीतक मोडून एकाच लॅनवर अनेक तार्किक नेटवर्क चालवतात. हे पाहता आयपीकडील मूळ अधिक ग्राह्य वाटते. व्हीलॅनने जुन्या प्रथेला नवे ठिकाण दिले, इतकेच.

समजा, व्हीलॅन १० वर १९२.१६८.१०.०/२४ हे सबनेट (‘/२४’ म्हणजे पत्त्याचे पहिले २४ बिट सबनेटचे) आहे आणि त्यातील २५४ पत्ते संपत आले आहेत. सिस्कोच्या स्विचवर त्या व्हीलॅनच्या इंटरफेसखाली १९२.१६८.११.१ हा पत्ता मास्कसह (हीच विभागणी सांगणाऱ्या आकड्यासह) देऊन ओळीच्या शेवटी ‘सेकंडरी’ लिहिले की दुसरे सबनेट चालू होते. तो शब्द राहून गेल्यास नवा पत्ता जुन्याच्या जोडीला न बसता त्याची जागा घेतो, आणि जुन्या पत्त्यावरूनच स्विचमध्ये शिरलेल्या व्यवस्थापकाची जोडणी त्या क्षणी तुटते. आता १९२.१६८.१०.२५ आणि १९२.१६८.११.४० ही दोन यंत्रे स्विचच्या शेजारशेजारच्या पोर्टांवर असली, तरी मास्क ताडून पाहिल्यावर प्रत्येकाला दुसरे परके वाटते. म्हणून फ्रेम (पॅकेट वाहून नेणारे वेष्टन) गेटवेच्या मॅक पत्त्यावर, म्हणजे हार्डवेअर पत्त्यावर, जाते. स्विच टीटीएल (पॅकेटच्या उरलेल्या टप्प्यांची मोजणी) एकाने घटवतो, मॅक पत्ते बदलतो आणि पॅकेट ज्या व्हीलॅनमधून आले त्याच व्हीलॅनमध्ये परत सोडतो.

१०.० आणि ११.० ही सबनेटे जोडून १९२.१६८.१०.०/२३ असे ५१० पत्त्यांचे एकच सबनेट करता येते, हा आक्षेप रास्त आहे. परंतु ११.० आणि १२.० अशी जोडी जुळत नाही, कारण /२३ मध्ये पत्त्यातला तिसरा आकडा समसंख्येपासूनच सुरू व्हावा लागतो. शिवाय मास्क बदलायचा तर हाताने पत्ता दिलेल्या प्रत्येक यंत्रापर्यंत जावे लागते. त्यामुळे पत्ते बदलण्याच्या संक्रमणकाळात, जुने आणि नवे सबनेट काही काळ एकत्र नांदवण्यासाठी, मल्टिनेटिंगच सर्वांत उपयोगी पडते.

यंत्रांना आपोआप पत्ते देणारा डीएचसीपी सर्व्हर दुसऱ्या नेटवर्कवर असल्यास रिले, म्हणजे विनंती त्याच्यापर्यंत पोहोचवणारा मध्यस्थ, महत्त्वाचा ठरतो. व्हीलॅनवरील विनंती पुढे पाठवताना रिले ‘जीआयॲड्र’ या क्षेत्रात सहसा प्राथमिक पत्ताच लिहितो आणि सर्व्हर त्यावरून सबनेट निवडतो. परिणामी पहिल्या सबनेटचा साठा संपला की दुसऱ्यात पत्ते शिल्लक असूनही नव्या यंत्राला पत्ता मिळत नाही. आयएससीच्या सर्व्हरमधील ‘शेअर्ड-नेटवर्क’ किंवा मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरमधील ‘सुपरस्कोप’ ही रचना दोन्ही सबनेटे एकाच व्हीलॅनवरची असल्याचे सर्व्हरला सांगते. सिस्कोचा ‘स्मार्ट रिले’ उत्तर न आल्यास दुय्यम पत्ता वापरून पाहतो. ओएसपीएफ या राउटरांनी एकमेकांना मार्ग कळवण्याच्या पद्धतीतील हॅलो पॅकेटांवरही प्राथमिक पत्त्याचाच ठसा असतो. एकाच व्हीलॅनवरील दोन राउटरांचे प्राथमिक पत्ते वेगळ्या सबनेटांतले असतील, तर त्यांचे शेजारसंबंध जुळत नाहीत.

दोन सबनेटांमुळे ब्रॉडकास्ट क्षेत्र (सर्वांना उद्देशून पाठवलेला संदेश जिथवर पोहोचतो ते) विभागले जात नाही. एआरपीची, म्हणजे आयपी पत्त्यावरून मॅक पत्ता विचारणारी, प्रत्येक हाक दोन्हीकडच्या यंत्रांना ऐकू जाते आणि कोणतेही यंत्र दुसऱ्या सबनेटमधील पत्ता स्वतःला लावून गेटवे व त्यावरील नियम टाळू शकते. सुरक्षेसाठी विलगीकरण हवे असल्यास स्वतंत्र व्हीलॅनच करावे लागते.

आयपीव्ही६ या आयपीच्या नव्या आवृत्तीत एका इंटरफेसवर अनेक पत्ते असणे हीच सामान्य स्थिती आहे: एफई८०ने सुरू होणारा लिंक-लोकल (त्याच जाळ्यापुरता) पत्ता असतोच, आणि त्याच्या जोडीला एक वा अधिक जागतिक पत्ते असतात. पाठवताना कोणता पत्ता वापरायचा, याचे नियम २०१२ च्या आरएफसी ६७२४ मध्ये दिले आहेत.