हिमालयातील उंच खिंडीचा ट्रेक : परवाने, पात्रता आणि कागदपत्रे

हिमालयातील एखादी उंच खिंड ओलांडणारा, तंबूत मुक्काम करत जाणारा ट्रेक आयोजक संस्थेमार्फत करायचा ठरवला, तरी त्याची सगळी कागदपत्रे एका कार्यालयात आणि एका अर्जावर मिळत नाहीत. याचे कारण भूगोलातच आहे. खिंड दोन खोऱ्यांमधल्या धारेवर असते, त्यामुळे चढण एका प्रशासनाच्या हद्दीत आणि उतरण बहुधा दुसऱ्याच्या हद्दीत येते. म्हणून आयोजकाला पैसे भरण्याआधी वाटेचा नकाशा समोर ठेवून ती कोणकोणत्या जिल्ह्यांतून, अभयारण्यांतून आणि सीमाभागातून जाते, हे पाहून घ्यावे. पुढचे बहुतेक प्रश्न त्यावरूनच सुटतात.

रुपिन खिंडीचेच उदाहरण घेऊ. सुमारे ४,६५० मीटर उंचीच्या या खिंडीची प्रचलित वाट उत्तराखंडमधील धौला गावाहून सुरू होते आणि हिमाचल प्रदेशातील सांगला येथे संपते. धौल्याला जाताना नैटवाड लागते. तेथे गोविंद पशु विहार अभयारण्याचा वनखात्याचा नाका आहे आणि प्रवेशाची नोंद व शुल्क तेथे भरावे लागते. दोन राज्यांची सीमा खिंडीच्या माथ्यावर असेल असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात ती फार आधी, सेवा गाव सोडल्यावर खाली नदीच्या खोऱ्यातच ओलांडली जाते. पुढची जिस्कुन आणि झाका ही गावे हिमाचलमधली आहेत आणि खिंडीपलीकडे किन्नौर जिल्हा सुरू होतो. त्यामुळे केवळ उत्तराखंडचा परवाना दाखवून ‘सगळ्या परवानग्या झाल्या आहेत’ असे सांगणाऱ्या आयोजकाला हिमाचलच्या बाजूचे काय, असे विचारायलाच हवे.

परवानग्यांचे प्रकार

पहिली परवानगी वनखात्याची. राष्ट्रीय उद्यान किंवा अभयारण्य यांच्या हद्दीतून जाणाऱ्या वाटेसाठी प्रवेश परवाना लागतो. त्यात सहभागींची नावे, मुक्कामांचे दिवस, प्रवेशाचे व बाहेर पडण्याचे ठिकाण यांची नोंद असते. भारतीय आणि परदेशी नागरिकांचे शुल्क वेगळे असते. तंबू आणि कॅमेरा यांचे शुल्क काही ठिकाणी स्वतंत्र आकारतात. काही उद्यानांत रोजच्या प्रवेशावर मर्यादा आहे. गंगोत्री राष्ट्रीय उद्यानात गोमुखाच्या दिशेने दिवसाला १५० जणांनाच सोडले जाते. मर्यादा असलेल्या ठिकाणी दाराशी जाऊन परवाना काढू, हा विचार सोडून द्यावा.

उत्तराखंडच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. तेथील उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये बुग्याळांवर, म्हणजे वृक्षरेषेवरील कुरणांवर, रात्रीच्या मुक्कामाला मनाई केली आणि तेथे जाणाऱ्यांच्या संख्येवरही बंधन घातले. त्यानंतर अनेक जुन्या वाटांवरील मुक्कामाच्या जागा बदलल्या. आयोजकाच्या माहितीपत्रकात एखाद्या प्रसिद्ध बुग्याळावर तंबू दाखवले असतील, तर त्या जागेला सध्या परवानगी आहे का, हे वनखात्याकडूनच तपासून घेणे उत्तम. तंबूची जागा बदलली की रोजचे अंतर आणि रोजची चढाईही बदलते, त्यामुळे हा प्रश्न केवळ कायद्यापुरता राहत नाही.

दुसरी परवानगी इनर लाइनची. आंतरराष्ट्रीय सीमेजवळच्या पट्ट्यात जाण्यासाठी भारतीय नागरिकांनाही जिल्हा किंवा उपविभागीय प्रशासनाची लेखी परवानगी घ्यावी लागते. गंगोत्रीकडून बद्रीनाथच्या दिशेने उतरणारी कालिंदी खाल ही खिंड आणि हर्षिलहून किन्नौरमधील छितकुलकडे जाणारी लमखागा खिंड या वाटा अशा आहेत. अर्जासोबत प्रत्येक सदस्याचे ओळखपत्र, छायाचित्र, वाटेचा दिवसवार तपशील, गाईड व पोर्टर यांची नावे जोडावी लागतात. वाटेवर भारत-तिबेट सीमा पोलिसांच्या चौक्या लागतात आणि तेथे मूळ कागद पाहिले जातात.

परदेशी नागरिकांसाठी यावर सीमाभागातील ‘संरक्षित क्षेत्रा’च्या परवान्याची भर पडते आणि काही वाटा त्यांच्यासाठी बंदच असतात. ओसीआय कार्डधारकांनी, म्हणजे हे कार्ड असलेल्या भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांनी, आपण यातून सुटलो असे समजू नये. संरक्षित क्षेत्रात जाण्यासाठी त्यांनाही परवाना घ्यावा लागतो. घरचीच मंडळी परदेशातून येऊन सोबत ट्रेक करणार असतील, तर नेमका हाच मुद्दा शेवटच्या आठवड्यात डोके वर काढतो.

अर्ज कोण करतो

मार्गदर्शित ट्रेकमध्ये अर्ज सहसा आयोजक करतो आणि सहभागीने फक्त कागद पुरवायचे असतात. तरीही आयोजकाची त्या त्या राज्याच्या पर्यटन खात्याकडे नोंदणी आहे का, परवाना त्याच्या नावावर आहे की स्थानिक भागीदाराच्या, आणि आपले नाव सदस्यांच्या यादीत ओळखपत्राप्रमाणे लिहिले आहे का, या तीन गोष्टी पाहणे सहभागीचे काम आहे. परवान्याची प्रत निघण्यापूर्वी मागून घ्यावी. ती द्यायला टाळाटाळ करणाऱ्या आयोजकासोबत न जाणेच बरे.

नावांची यादी ही निव्वळ औपचारिकता वाटते, पण शोधपथकाला पहिल्यांदा तीच लागते. जून २०२४ मध्ये उत्तरकाशी जिल्ह्यातील सहस्त्रताल परिसरात खराब हवामानात सापडलेल्या २२ जणांच्या गटातील ९ जणांचा मृत्यू झाला आणि उरलेल्यांच्या सुटकेसाठी हेलिकॉप्टर वापरावी लागली. अशा वेळी डोंगरात नेमके किती जण आहेत आणि ते कोणत्या मुक्कामावर असायला हवेत, हे सांगणारा सर्वांत खात्रीचा कागद वनखात्याच्या नाक्यावर असतो. आयत्या वेळी एखाद्या मित्राला यादीबाहेर सोबत घेणे म्हणजे त्याला या हिशेबातून वगळणे होय.

पात्रता आणि वैद्यकीय प्रमाणपत्र

वयाची किमान व कमाल मर्यादा प्रत्येक आयोजक वाटेच्या अवघडपणाप्रमाणे ठरवतो. अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांचे संमतीपत्र मागितले जाते. पाच हजार मीटरच्या वरच्या खिंडींसाठी, उदाहरणार्थ ५,३१९ मीटर उंचीच्या पिन पार्वतीसाठी, आधी उंचीवरचा ट्रेक केल्याचा अनुभव बहुतेक जबाबदार आयोजक मागतात. ४,२७० मीटरच्या हमटा खिंडीसाठी ही अट सहसा सैल असते, पण अट सैल असणे आणि अटच नसणे यांत फरक आहे. अनेक ठिकाणी पाच किलोमीटर ठरावीक वेळेत धावल्याचा पुरावा, म्हणजे मोबाइलवरील नोंदीचे चित्र, पाठवावे लागते.

सर्वांत दुर्लक्षित कागद म्हणजे वैद्यकीय प्रमाणपत्र. आयोजकाचा छापील नमुना असेल तर तोच वापरावा आणि तो नोंदणीकृत एमबीबीएस डॉक्टरांकडून प्रत्यक्ष तपासणीनंतर भरून घ्यावा. त्यावर डॉक्टरांची सही, शिक्का, नोंदणी क्रमांक आणि तपासणीची तारीख या चारही गोष्टी स्पष्ट दिसायला हव्यात. यांतली एक नसली तरी बेस कॅम्पवर अडवले जाऊ शकते. रक्तदाब, मधुमेह, दमा, हृदयविकार, अपस्मार, पूर्वीची शस्त्रक्रिया, चालू औषधे आणि औषधांची ॲलर्जी हे रकाने ‘नाही’ लिहून भराभर संपवण्यासाठी नसतात. विशेषतः सल्फा गटाच्या औषधांची ॲलर्जी असल्यास ती ठळक लिहून घ्यावी, कारण उंचीच्या आजारावर सर्रास दिले जाणारे अ‍ॅसिटाझोलामाइड, म्हणजेच डायमॉक्स, त्याच वर्गाशी संबंधित आहे. ते घ्यायचे की नाही, हे याच तपासणीच्या वेळी डॉक्टरांना विचारून ठरवावे. कॅम्पवर शेजारच्या तंबूतल्याने दिली म्हणून गोळी घेऊ नये.

पात्रतेचा विचार करताना आयोजकाच्या कार्यक्रमाचीही परीक्षा घ्यावी. ३,००० मीटरनंतर झोपण्याची उंची रोज सुमारे ५०० मीटरपेक्षा अधिक वाढू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांतीचा असावा, असे वैद्यकीय मार्गदर्शन आहे. ज्या वेळापत्रकात हे बसत नाही, त्यात सहभागी कितीही तंदुरुस्त असला तरी धोका वाढतो. खराब हवामानासाठी राखीव दिवस ठेवला आहे का, हेही येथेच विचारून घ्यावे.

सोबत ठेवायचे कागद

छायाचित्र असलेले मूळ ओळखपत्र आणि त्याच्या चार-पाच छायाप्रती, पासपोर्ट आकाराची छायाचित्रे, वैद्यकीय प्रमाणपत्राची मूळ प्रत, जोखीम स्वीकारल्याचे सही केलेले हमीपत्र आणि विम्याची प्रत असा संच प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवावा. मोबाइलवरील प्रतींवर विसंबू नये. थंडीत बॅटरी लवकर उतरते आणि बहुतेक नाक्यांवर नेटवर्क नसते. हमीपत्र सहीपूर्वी पूर्ण वाचावे, विशेषतः ट्रेक मध्येच सोडल्यास परतीचा खर्च कोणाचा आणि रद्द केल्यास किती रक्कम परत मिळणार, हे भाग. विम्यात उंचीची कमाल मर्यादा आणि हेलिकॉप्टर सुटकेचा उल्लेख पाहावा. साध्या प्रवास विम्यात उंच खिंडींचा ट्रेक अनेकदा वगळलेला असतो.

काही वस्तूंना स्वतंत्र परवानगी लागते. सॅटेलाइट फोन आणि उपग्रहाद्वारे संदेश पाठवणारी उपकरणे दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय भारतात बाळगता येत नाहीत. परदेशी पर्यटकांवर यासाठी कारवाई झालेली आहे. संरक्षित वनात ड्रोन परवानगीशिवाय उडवता येत नाही. स्वयंपाकाच्या गॅसचे डबे विमानात चालत नाहीत, त्यामुळे ते आयोजकानेच जवळच्या गावातून घ्यावेत.

वेळेचे नियोजन

रुपिनसारख्या वाटांसाठी मे-जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे हंगाम असतात. रेल्वेचे आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून प्रवासाच्या ६० दिवस आधी खुले होते, पण परवान्याचे कागद त्याआधीच आयोजकाकडे पोहोचलेले असावेत. इनर लाइन लागणाऱ्या वाटेसाठी तर आधी परवानगीची स्थिती विचारावी आणि मगच पैसे परत न मिळणारी तिकिटे काढावीत. चढण आणि उतरण वेगळ्या खोऱ्यांत असल्याने परतीचे तिकीट वेगळ्या शहरातून लागू शकते. खिंड ओलांडल्यानंतर त्याच दिवशीचे तिकीट काढू नये, किमान एक दिवस मोकळा ठेवावा.

ट्रेक संपल्यावर बाहेर पडण्याच्या नाक्यावर किंवा आयोजकामार्फत परतल्याची नोंद करावी. जेथे कचऱ्यासाठी अनामत रक्कम घेतलेली असते, तेथे परत आणलेला कचरा दाखवून ती मागून घ्यावी आणि पावती जपून ठेवावी. दुसऱ्या बाजूला नाकाच नसेल, तर गट सुखरूप उतरल्याचे प्रवेशाच्या नाक्याला कळवण्याची जबाबदारी कोणाची, हे निघण्यापूर्वी गाईडकडून लेखी घ्यावे.