‘वजनदार खेळाडूच जोरात धडकतो’ : जुन्या हॉकी गेममधील एक समज

‘एनएचएल ९४’ या १९९३ साली आलेल्या आइस हॉकीच्या व्हिडिओ गेमविषयी सांगितली जाणारी एक युक्ती अशी, की बचावाला सर्वांत वजनदार खेळाडू ठेवावेत, म्हणजे त्यांच्या धडकेने समोरचा हमखास आडवा होतो.

हा समज स्वाभाविक आहे, कारण खऱ्या बर्फावर तसेच घडते : वेग समान असेल, तर अधिक वस्तुमानाच्या खेळाडूचा संवेगही अधिक असतो. गेम मात्र भौतिकशास्त्राने नव्हे, लिहून ठेवलेल्या सूत्राने चालतो, आणि सेगा मेगा ड्राइव्ह या गेम कन्सोलवरील आवृत्तीत त्या सूत्रातील वजनाचा परिणाम चुकून उलटा झाला आहे. त्यामुळे हलका खेळाडू भारी खेळाडूला सहज पाडतो, आणि भारी खेळाडूची धडक हलक्यावर पुष्कळदा वाया जाते. सुपर निन्टेंडो या दुसऱ्या कन्सोलवरील आवृत्ती हा वेगळा प्रोग्राम असल्याने हे विवेचन तिला लागू करू नये.

पडताळणीसाठी दोन कंट्रोलर आणि थोडा धीर पुरेसा आहे. एकाने संघातील सर्वांत हलका, तर दुसऱ्याने सर्वांत भारी खेळाडू घ्यावा. साधारण सारख्याच वेगाने, समोरासमोर, वीसेक वेळा धडक द्यावी आणि कोण पडले याची नोंद ठेवावी. त्यानंतर धडक देणारा बदलावा. एक-दोन धडकांवरून निष्कर्ष काढू नये, कारण खेळाडूंची इतर कौशल्येही निकालात मिसळतात. बहुधा याच कारणाने हा समज इतकी वर्षे टिकला असावा.