बॅलन्स संपणं वेगळं, जोडणी तोडणं वेगळं: थकबाकी असलेल्या घराला प्रीपेड मीटर झेपेल का?

बिल थकलं की घरात अंधार दोन तऱ्हांनी होतो. एक, लाइनमन येऊन खांबावरची वायर काढतो. दुसरी, प्रीपेड मीटरमधलं बॅलन्स संपतं आणि आतला रिले, म्हणजे आपोआप बंद होणारा स्विच, ‘टक’ करून पुरवठा थांबवतो. घरच्यांना दोन्ही अंधार सारखेच, कायद्याला नाहीत.

विद्युत अधिनियम 2003 च्या कलम 56 प्रमाणे थकबाकीसाठी जोडणी तोडायची तर आधी पूर्ण 15 दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. बिलावर वाद असेल तर मागितलेली रक्कम आणि मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीनं येणारी रक्कम, यांतली कमी असेल ती निषेध नोंदवून भरावी. वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. प्रीपेडबाबत केंद्र सरकारच्या 2020 च्या वीज ग्राहक हक्क नियमांत वेगळं लिहिलंय: बॅलन्स संपून पुरवठा थांबला तर ती ‘जोडणी तोडणं’ मानली जाणार नाही, रिचार्ज केला की वीज परत येईल. त्यामुळे पुन्हा जोडणीसाठी हेलपाटे नाहीत, हे बरंच. पण ते 15 दिवसही गेले. शिवाय पैसे आधीच कापले गेलेले असतात, म्हणजे वाद घालायचा तो परताव्यासाठी. हातावर पोट असलेल्या घराला हा फरक फार जड जातो.

इथे आणखी एक गल्लत होते. स्मार्ट मीटर म्हणजे प्रीपेड मीटर नव्हे. स्मार्ट मीटर रीडिंग आपोआप पाठवतो. बिल महिन्यानं घ्यायचं की आधी पैसे भरायचे, हे खात्याच्या सेटिंगवर असतं. महाराष्ट्रात सामान्य ग्राहकांकडे स्मार्ट प्रीपेड मीटर लावणार नाही, असं सरकारनं जून 2024 मध्ये जाहीर केलं. त्यानंतर महावितरण घरोघरी लावतंय ते टीओडी मीटर, म्हणजे दिवसाच्या कोणत्या वेळी किती वीज वापरली ते नोंदवणारे स्मार्ट मीटर; बिल पूर्वीसारखंच महिन्यानं. तेव्हा नवा मीटर दिसला म्हणून रिचार्ज शोधू नका. प्रीपेडचा प्रश्न खरा आहे तो इतर राज्यांत राहणाऱ्यांना, नाहीतर कुणी हा पर्याय समोर ठेवला तर.

प्रीपेडवर गेल्यानं जुनी थकबाकी माफ होत नाही. ती नव्या खात्यात येते आणि थोडी थोडी कापली जाते. समजा थकबाकी 6,000 रुपये, रोजचा वापर 40 रुपयांचा, स्थिर आकार रोज 5 रुपये आणि थकबाकीची कपात रोज 20 रुपये. एरवी 11 दिवस पुरणारा 500 रुपयांचा रिचार्ज आता साडेसात दिवसांत संपतो. कुलूप लावून आठ दिवस गावी गेलात तरी स्थिर आकार आणि कपात मिळून 200 रुपये जातात. ‘मीटर जोरात पळतो’ अशी तक्रार असते तेव्हा आधी हे दोन आकडे तपासावेत. पुष्कळदा मीटर निर्दोष निघतो.

सुरक्षा ठेवीचं मात्र फारसं कुणाच्या लक्षात येत नाही. कलम 47(5) प्रमाणे प्रीपेड ग्राहकाकडून ठेव मागता येत नाही. महिन्याचं बिल 1,400 रुपये आणि ठेव दोन महिन्यांची असेल, तर 2,800 रुपये जमा आहेत. ते थकबाकीत वळते करून घेण्याचा लेखी अर्ज द्यावा. वर धरलेले 6,000 मग 3,200 वर येतात आणि रोज 20 रुपयांप्रमाणे 300 ऐवजी 160 दिवसांत फिटतात.

ज्यांना रोज किंवा आठवड्यानं मजुरी मिळते, दुकान किंवा मोबाइलवरून लगेच रिचार्ज जमतो आणि थकबाकी लहान आहे, त्यांना प्रीपेड सोयीचं पडतं. महिन्याचं मोठं बिल एकदम अंगावर येत नाही. पण घरात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर चालतो, फ्रिजमध्ये इन्सुलिन आहे किंवा पाणी मोटारीशिवाय येत नाही, तर आमचा सल्ला सरळ ‘नको’ असा आहे. तिथे महिन्याच्या बिलावर राहून हप्ते मागावेत: उपविभागीय कार्यालयात अर्ज, झेपेल तेवढाच हप्ता आणि मंजुरीचा कागद हातात. चालू बिल अधिक हप्ता, दोन्ही वेळेवर भरायचे. चालू बिल चुकलं की सवलत मोडते. हप्ते नाकारले किंवा बिलच चुकीचं असेल तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे.

होकार देण्यापूर्वी तीन गोष्टी विचारून घ्या. रोजची कपात किती, ती कमी करून मिळेल का, आणि रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी बॅलन्स संपलं तर वीज लगेच जाते की थोडी मुदत मिळते. बॅलन्सचा इशारा खात्यावर नोंदलेल्या मोबाइलवर येतो. कितीतरी जोडण्या अजून आजोबांच्या किंवा घरमालकाच्या नावावर आणि नंबरही त्यांचाच! तो आधी बदलून घ्या. जुना मीटर काढताना शेवटच्या रीडिंगचा फोटो काढा, मीटर क्रमांक दिसेल असा. नव्या खात्यात थकबाकी चुकीची चढली तर त्याच फोटोवरून ती दुरुस्त करून घेता येते.