बौद्ध कला आणि अंतर्बोध : ग्रामीण विदर्भ

मूर्ती, स्तूप, चक्र किंवा चित्र यांच्यापुढे बसून बुद्धाचे गुण आठवणे आणि त्या आठवणीतून स्वतःच्या मनाकडे वळणे, ही बौद्ध साधनेतली जुनी वाट. पाली परंपरेत तिला ‘बुद्धानुस्सती’ म्हणतात. विदर्भातल्या खेड्यांत ती आजही चालते, फक्त तिला कला किंवा साधना असे मोठे नाव कुणी देत नाही. ‘वंदनेला चाललो’ एवढे म्हणून माणसे विहाराकडे निघतात.

या वाटेचा विदर्भातला फार जुना दगडी पुरावा भंडारा जिल्ह्यातील पवनी येथे वैनगंगेकाठी आहे. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी केलेल्या उत्खननात येथील टेकड्यांखाली स्तूप असल्याचे दिसले. ब्राह्मी लेख असलेले कोरीव स्तंभही मिळाले. एका शिल्पात मुचलिंद नागराज आहे आणि त्याचे नाव शेजारी कोरले आहे. बोधीनंतर, म्हणजे ज्ञानप्राप्तीनंतर, सात दिवस वादळी पाऊस लागला, तेव्हा या नागाने बुद्धावर फणा धरला अशी कथा आहे. त्या काळच्या शिल्पांत बुद्धाला मानवी रूप देत नसत. वृक्ष, आसन, पाऊल, चक्र एवढ्यावर शिल्पकार थांबे आणि उरलेले पाहणाऱ्याने मनात भरून घ्यायचे. पाहणाऱ्याकडून एवढे काम करून घेणारी कला पुढे क्वचितच दिसते.

विदर्भावर राज्य करणाऱ्या प्राचीन वाकाटक घराण्याच्या काळापर्यंत मूर्ती आली होती. रामटेकजवळच्या हमलापुरीत सापडलेल्या बुद्धाच्या कांस्यमूर्ती नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे लोकांच्या ‘अजब बंगल्या’त आहेत. अजिंठा विदर्भाबाहेर असला, तरी तेथील सोळावे लेणे कोरवून घेणारा वराहदेव हा वत्सगुल्म, म्हणजे आजच्या वाशीमच्या, वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री होता. सतराव्या लेण्यात भिक्षापात्र घेतलेला बुद्ध यशोधरा आणि राहुल यांच्यासमोर उभा आहे. बुद्ध प्रचंड, मायलेक लहान. तरी नजर पुन्हा पुन्हा मायलेकांकडेच जाते. चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावतीच्या विजासन टेकडीतल्या लेण्यात मात्र रंग नाहीत. डोंगरात सरळ आत गेलेली अरुंद वाट आणि शेवटी अंधारात बसलेला बुद्ध. उजेड मागे ठेवून चालत जावे लागते, हेच त्या लेण्याचे शिक्षण.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली, आणि मूर्तीकडे पाहण्याची रीत बदलली. त्या वेळी अनुयायांना दिलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी एकीत बुद्ध हा विष्णूचा अवतार असल्याचे स्पष्ट नाकारले आहे. मूर्ती नवस बोलण्याची जागा उरली नाही, ती माणसाने माणसाला आठवण्याची जागा झाली. १८ डिसेंबर २००१ रोजी उद्घाटन झालेला दीक्षाभूमीचा, म्हणजे त्या दीक्षेच्या जागेवरचा, स्तूप आतून पोकळ आहे. सांचीचा स्तूप भरीव, त्याला बाहेरूनच प्रदक्षिणा. येथे माणूस थेट आत जातो. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला, म्हणजे त्या दीक्षेच्या स्मरणदिनी, गावोगावचे लोक इथे येतात आणि परतताना पुस्तके, पंचशील ध्वज, लहानशी मूर्ती घेऊन जातात. घराघरांत बौद्ध कला पोचली ती अशी, पिशवीतून.

गावचा विहार बहुधा साधा असतो. स्लॅबची एक खोली, बुद्धमूर्ती आणि बाजूला बाबासाहेबांची प्रतिमा. शुभ्र कपड्यांत बाया-माणसे बसतात, मेणबत्ती आणि अगरबत्ती लागते, त्रिशरण-पंचशील, म्हणजे बुद्ध, धम्म, संघ यांना शरण जाणे आणि पाच शीलांचा उच्चार, होते. फूल वाहताना म्हटली जाणारी गाथा अशी : ‘पुप्फं मिलायति यथा इदं मे, कायो तथा याति विनासभावं’. हे फूल जसे कोमेजते, तसे माझे शरीरही नाशाकडे जाते. मूर्तीपुढचे फूल असे स्वतःच ध्यानाचा विषय बनते. मूर्तीच्या हातांनाही अर्थ आहे. मांडीवरचे दोन्ही हात ध्यानाचे, उचललेला तळवा अभयाचा, जमिनीला टेकलेली बोटे भूमिस्पर्शाची. मोहात पाडणाऱ्या माराने आव्हान दिले तेव्हा सिद्धार्थाने धरतीला साक्षी ठेवले, ही ती खूण. जमिनीवर ज्यांचे पोट आहे त्यांना ती समजावून सांगावी लागत नाही.

वर्षावासात, म्हणजे भिक्खूंच्या पावसाळी मुक्कामाच्या काळात, आषाढी ते आश्विन पौर्णिमेपर्यंत, विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या बाबासाहेबांच्या ग्रंथाचे वाचन चालते. येथे चित्र आणि ग्रंथ यांत अंतर पडते. रूढ चित्रांत सिद्धार्थ म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी ही चार दृश्ये पाहून घर सोडतो. बाबासाहेबांनी ही कथा नाकारली. त्यांच्या मांडणीत रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात वाद पेटतो, सिद्धार्थ युद्धाला विरोध करतो आणि त्यातून गृहत्याग घडतो. दोन चित्रांतून दोन वेगळे बोध होतात. एक माणसाला स्वतःच्या मरणाकडे पाहायला लावते, दुसरे माणसामाणसांतल्या भांडणाकडे. विहाराच्या भिंतीवर बुद्धचरित्र रंगवायचे असेल, तर रोहिणीचा प्रसंग त्यात असलाच पाहिजे. नदी, दोन काठ, हत्यारे घेतलेले शेतकरी आणि मध्ये उभा एक तरुण.