भूऔष्णिक ऊर्जा: उष्णता मुबलक, अडतं ते पाण्यापाशी

जीवाश्म इंधनांना पर्याय म्हटलं की आधी सूर्य आणि वारा आठवतो. पण रात्री, वारा पडलेला असताना वीज कुठून आणायची हा प्रश्न आला की चर्चा भूऔष्णिक ऊर्जेकडे, म्हणजे जमिनीखालच्या उष्णतेपासून मिळणाऱ्या ऊर्जेकडे, वळते. २०२३ मध्ये जगभरातली भूऔष्णिक केंद्रं सरासरी आपल्या क्षमतेच्या ७५ टक्क्यांहून जास्त चालली. पवनऊर्जेचं हे प्रमाण ३० टक्क्यांच्या आत होतं, सौरऊर्जेचं १५ टक्क्यांच्या आत. तरीही जगाच्या एकूण विजेत भूऔष्णिकचा वाटा एक टक्काही नाही. स्थापित क्षमता जेमतेम १५-१६ हजार मेगावॉट. इतकी भरवशाची ऊर्जा शतकभर हाताशी असून मागे का राहिली, हे समजून घ्यायचं तर जमिनीखालच्या पाण्याकडे बघावं लागतं. किती काढलं, किती परत सोडलं आणि जिथे नव्हतंच तिथे किती दाबाने ढकललं, यावरच या क्षेत्राचे चढ-उतार ठरत आले आहेत.

सुरुवात इटलीतल्या लार्देरेल्लोची. १९०४ मध्ये तिथे जमिनीतून येणाऱ्या वाफेवर डायनॅमो फिरवून पाच दिवे लावले गेले, आणि १९१३ मध्ये २५० किलोवॉटचं पहिलं व्यावसायिक केंद्र सुरू झालं. १९४४ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने ते उद्ध्वस्त केलं. युद्धानंतर ते पुन्हा उभं राहिलं. तिथे जमिनीतून कोरडी वाफ येते, थेट टर्बाइनवर सोडता येईल अशी. असे साठे पृथ्वीवर फार थोडे आहेत.

न्यूझीलंडमधल्या वैराकेईला हे नशीब नव्हतं. तिथल्या बोअरमधून वाफ आणि उकळतं पाणी एकत्र यायचं. १९५८ मध्ये सुरू झालेल्या या केंद्रात वाफ वेगळी काढून टर्बाइनला दिली जाई आणि उरलेलं पाणी, त्यातल्या आर्सेनिकसकट, वायकाटो नदीत सोडलं जाई. काही वर्षांतच जवळच्या खोऱ्यातले गिझर, म्हणजे जमिनीतून उसळणारे गरम पाण्याचे नैसर्गिक फवारे, आटले. जमीन खचू लागली. सर्वांत जास्त खचलेल्या जागी ती सुमारे १५ मीटर खाली गेली. पाणी परत जमिनीत का सोडलं नाही, असं आज सहज विचारता येतं. थंड झालेलं पाणी आत गेलं तर साठाही थंड होईल, ही त्या काळातली भीती होती. ती निराधार नव्हती, कारण चुकीच्या जागी सोडलेलं पाणी भेगांमधून वाट काढत थेट उत्पादन विहिरीत येतं. पण म्हणून ते नदीत सोडून देणं हा उपाय नव्हता, आणि त्याची किंमत तिथल्या खोऱ्याने मोजली.

खरा धडा मिळाला कॅलिफोर्नियातल्या ‘द गीझर्स’मध्ये. १९६० मध्ये ११ मेगावॉटवर सुरू झालेल्या या क्षेत्रात १९७३ च्या तेलसंकटानंतर केंद्रांची रांग लागली आणि १९८० च्या दशकाअखेर क्षमता २,००० मेगावॉटच्या घरात गेली. वाफेचा साठा एकच, भाडेपट्टे अनेकांकडे. एका विहिरीवर दहा मोटा लागल्यावर जे होतं, तेच झालं. टर्बाइनमधून गेलेल्या वाफेचं पाणी व्हायचं, पण त्यातलं बरंचसं कुलिंग टॉवरमधून हवेत उडून जायचं आणि थोडंच जमिनीत परतायचं. १९८७ नंतर दाब झपाट्याने घसरला आणि दहाएक वर्षांत उत्पादन निम्म्यावर आलं. खडक तितकेच तापलेले होते, त्यांच्या भेगांमधलं पाणी मात्र संपत आलं होतं. मग १९९७ पासून आसपासच्या वस्त्यांचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी पाइपलाइनने आणून जमिनीत सोडणं सुरू झालं. २००३ मध्ये सांता रोसा शहराचं सांडपाणी सुमारे ६५ किलोमीटरवरून येऊ लागलं. घसरण सावरली. त्याबरोबर छोटे भूकंपही वाढले, आणि लगतच्या वस्तीतल्या लोकांनी त्याबद्दल वारंवार तक्रारी केल्या.

स्वच्छतेच्या दाव्याबद्दलही स्पष्ट बोलायला हवं. खालून येणाऱ्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड विरघळलेले असतात. बहुतेक ठिकाणी त्यांचं प्रमाण कोळशाच्या धुराशी तुलना करण्याइतकंही नसतं. पण पश्चिम तुर्कस्तानात साठे चुनखडीसारख्या कार्बोनेट खडकांत आहेत. तिथल्या काही केंद्रांचं प्रति युनिट उत्सर्जन सुरुवातीच्या वर्षांत कोळशाहूनही जास्त भरलं. आइसलँडमध्ये हेल्लिशेइदी केंद्राजवळ २०१२ मध्ये याच्या उलट प्रयोग झाला. कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळवून बेसाल्टमध्ये सोडला, तेव्हा दोन वर्षांच्या आत त्यातल्या ९५ टक्क्यांहून अधिक वायूचा दगड झाला. वायूसकट सगळं पाणी परत जमिनीत घालणारी बंद चक्राची केंद्रं हा यावरचा सरळ मार्ग आहे, आणि तो सक्तीचा करायला काहीच हरकत नाही.

आता सर्वांत वादग्रस्त प्रकरण. गरम खडक सगळीकडे आहेत, पाणी आणि भेगा मात्र मोजक्याच जागी. मग वरून दाबाने पाणी सोडून भेगा आपणच का उघडू नयेत? या कल्पनेवर न्यू मेक्सिकोतल्या फेंटन हिलला १९७० च्या दशकापासून काम झालं, पुढे फ्रान्समधल्या सूल्झला. आत घातलेल्या पाण्यातलं बरंच परत यायचंच नाही, ही तेव्हाची मोठी अडचण होती. तरी दिशा योग्य वाटत होती, आणि स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात हा प्रयोग थेट वस्तीखाली करायचं ठरलं. हे तेच शहर, जे १३५६ च्या भूकंपात उद्ध्वस्त झालं होतं.

५ किलोमीटर खोल विहिरीत २ डिसेंबर २००६ पासून सहा दिवसांत साडेअकरा हजार घनमीटरच्या आसपास पाणी सोडलं गेलं. धक्के किती मोठे झाले की काय करायचं, याची सिग्नलसारखी नियमावली आधीच ठरलेली होती. ८ डिसेंबरला पहाटे २.६ तीव्रतेचा धक्का बसला. नियमाप्रमाणे आधी दाब कमी केला, मग पाणी बंद केलं. पंप बंद होऊन काही तास उलटल्यावर, त्याच दिवशी संध्याकाळच्या सुमारास ३.४ तीव्रतेचा धक्का बसला. भिंतींना बारीक तडे गेले, दोन हजारांहून अधिक नुकसानभरपाईचे दावे आले. पुढच्या दोन महिन्यांत ३ च्या वरचे आणखी तीन धक्के बसले. २००९ मध्ये धोक्याचा अभ्यास पूर्ण झाल्यावर प्रकल्प कायमचा बंद झाला.

तो बंद करणं बरोबर होतं का, यावर अजून एकमत नाही. कोळशाच्या खाणी आणि तेलविहिरींनीही जमीन हलते, तिथे इतकी कडक फूटपट्टी कुणी लावत नाही, असं एक बाजू म्हणते. यात तथ्य आहे. पण पंप थांबवला की धोका थांबतो, हा त्या नियमावलीचा पायाच बाझलमध्ये खोटा ठरला होता. पाण्याचा दाब खडकात पसरत राहतो, त्याला वरचं बटण कळत नाही. हे दिसल्यावर शहराखाली प्रयोग चालू ठेवणं समर्थनीय नव्हतं.

दक्षिण कोरियातल्या पोहांगने या प्रश्नाचं उत्तर फार क्रूरपणे दिलं. तिथेही विहिरी चार किलोमीटरच्या पुढे होत्या आणि सोडलेलं एकूण पाणीही साधारण बाझलइतकंच. एप्रिल २०१७ मध्ये ३ च्या वरचा धक्का बसूनही काम पुढे चालू राहिलं. सप्टेंबरमध्ये पाणी सोडणं थांबलं आणि १५ नोव्हेंबरला ५.५ तीव्रतेचा भूकंप झाला. बाझलच्या तुलनेत त्यात हजार पटींहून जास्त ऊर्जा बाहेर पडली. शंभराहून अधिक लोक जखमी झाले, अनेकांची घरं राहण्याजोगी उरली नाहीत. सरकारने नेमलेल्या तज्ज्ञगटाने मार्च २०१९ मध्ये निष्कर्ष दिला की हा भूकंप प्रकल्पामुळेच घडला. आधी नोंद नसलेल्या, नैसर्गिक ताणाने आधीच सुटायच्या बेतात असलेल्या भ्रंशात, म्हणजे जिच्या दोन्ही बाजूंचे खडक सरकू शकतात अशा मोठ्या भेगेत, पाणी गेलं होतं. पाणी थोडं तर भूकंप छोटा, हे गणितही त्या दिवशी मोडलं. भ्रंश कुठे आहे हे आधी शोधा, वस्तीपासून दूर जा आणि पहिल्या मोठ्या धक्क्याची माहिती लोकांपासून लपवू नका, या तीन अटींवर आता तडजोड होता कामा नये.

दरम्यान नैसर्गिक साठ्यांवर काम शांतपणे वाढत होतं. केनियातल्या ओलकारियामध्ये १९८१ मध्ये सुरुवात झाली आणि आज त्या देशाच्या विजेत सर्वांत मोठा वाटा भूऔष्णिकचा आहे. स्थापित क्षमतेत इंडोनेशिया आणि फिलिपाइन्स अमेरिकेच्या पाठोपाठ आहेत. आइसलँडमध्ये दहापैकी नऊ घरं याच उष्णतेवर ऊबदार राहतात.

गेल्या काही वर्षांत चित्र बदललं ते शेल नावाच्या खडकातल्या तेल आणि वायूसाठी विकसित झालेल्या आडव्या ड्रिलिंगमुळे. २०२३ मध्ये नेवाडात सुमारे अडीच किलोमीटर खोलीवर दोन विहिरी आडव्या नेल्या, त्यांच्यामधल्या खडकाला टप्प्याटप्प्याने भेगा पाडल्या आणि ३० दिवस पाणी फिरवून पाहिलं. सेकंदाला ६३ लिटर पाणी फिरलं, त्यातून साडेतीन मेगावॉटपर्यंत वीज मिळू शकते हे दिसलं. २०२४ मध्ये युटामधल्या ग्रॅनाइटात झालेल्या महिनाभराच्या चाचणीत आत सोडलेल्या पाण्यापैकी सुमारे ९० टक्के पाणी गरम होऊन परत आलं. आधीच्या प्रयोगांची मोठी अडचण हीच होती. दोन्ही ठिकाणं मोठ्या वस्तीपासून लांब आहेत, हेही महत्त्वाचं.

उरलेले १० टक्के पाणी कोरड्या प्रदेशात रोज कुठून भरून काढायचं, हा हिशेब मोठ्या प्रकल्पांना मांडावा लागेल. आणि त्या खडकाचं तापमान किती वर्षं टिकतं, हे महिनाभराच्या चाचणीतून कळत नाही. गीझर्सची घसरण दिसायला सत्तावीस वर्षं लागली होती.