विषाणू गाठीत की प्रयोगशाळेत?

“विषाणू टोचून कॅन्सर बरा करतात, ते हेच ना?” पवईच्या आयआयटीतल्या कार-टी उपचाराचा विषय घरात निघाला की हा प्रश्न येतोच. प्रश्न चुकीचा असला तरी उगाच आलेला नसतो. बातम्यांमध्ये दोन अगदी वेगळ्या उपचारांबद्दल जवळपास एकच वाक्य छापून येतं: बदल केलेल्या विषाणूच्या मदतीने रुग्णाची प्रतिकारशक्ती कॅन्सरशी लढते. त्यातला एक उपचार म्हणजे ऑन्कोलिटिक विषाणू, म्हणजे कॅन्सरची पेशी फोडणारा विषाणू. दुसरा कार-टी, म्हणजे रुग्णाच्याच टी-पेशींमध्ये (शत्रूला मारणाऱ्या पांढऱ्या पेशींमध्ये) बदल करून त्या त्याला परत देणं. वाक्य दोघांनाही लागू पडतं, तिथेच घोटाळा होतो. तो सोडवायला मला एकच प्रश्न पुरेसा वाटतो: रुग्ण खाटेवर असतो तेव्हा विषाणू कुठे असतो? पहिल्या उपचारात तो रुग्णाच्या गाठीत असतो. दुसऱ्यात त्याचं काम प्रयोगशाळेत आधीच उरकलेलं असतं.

गाठीतल्या विषाणूंमध्ये सगळ्यात जास्त वापरात आलेला म्हणजे टी-व्हेक, बाजारातलं नाव इम्लिजिक. अमेरिकेच्या एफडीएने २०१५च्या ऑक्टोबरमध्ये त्याला मान्यता दिली, ती मेलानोमा या त्वचेच्या कॅन्सरसाठी. त्याचा मूळ विषाणू आपल्या चांगल्याच ओळखीचा आहे. ताप येऊन गेल्यावर ओठाच्या कडेला पाण्याच्या बारीक पुळ्या उठतात, त्यामागचा हा हर्पीस सिम्प्लेक्स. (नागिणीलाही लोक हर्पीस म्हणतात. तिचा विषाणू याच घराण्यातला, पण वेगळा.)

या विषाणूत जे बदल केले आहेत ते समजून घेण्यासारखे आहेत, कारण सगळी करामत तिथेच आहे. निरोगी पेशीत विषाणू शिरला की ती पेशी प्रथिनं बनवणंच थांबवते. भटारखाना बंद, पाहुणा उपाशी. मूळ हर्पीसकडे आयसीपी ३४.५ नावाचं जनुक असतं, ते हा बंद भटारखाना पुन्हा सुरू करायला लावतं. टी-व्हेकमधून हे जनुक काढून टाकलं आहे. त्यामुळे निरोगी पेशीत त्याची डाळ शिजत नाही. कॅन्सरच्या पेशीत मात्र हा बचाव बहुतेक वेळा आधीच मोडलेला असतो, वाढण्याच्या हव्यासात तिने तो गमावलेला असतो. तिथे विषाणू भराभर वाढतो, पेशी फुटते आणि बाहेर पडलेले विषाणू शेजारच्या पेशींत शिरतात. आयसीपी ४७ हे दुसरं जनुकही काढलं आहे. ते संसर्ग झालेल्या पेशीला प्रतिकारयंत्रणेच्या नजरेआड ठेवतं, आणि इथे तर ती पेशी नजरेत यायलाच हवी असते. काढलेल्याच्या जागी माणसाचं एक जनुक बसवलं आहे, जीएम-सीएसएफ बनवणारं. पेशी फुटून तिचे तुकडे विखुरतात तिथे हे द्रव्य प्रतिकारयंत्रणेच्या टेहळ्या पेशींना बोलावून आणतं. त्या ते तुकडे उचलून जवळच्या लसिकाग्रंथीत नेतात आणि टी-पेशींना दाखवतात: हा बघा शत्रू.

प्रत्यक्षात हे कसं दिसतं? औषध उणे ७० अंशांखाली गोठवलेलं येतं. डॉक्टर त्वचेवरची किंवा त्वचेखालची गाठ बोटांनी चाचपतात आणि सुई एकाच छिद्रातून आत घालून, पूर्ण बाहेर न काढता, पंख्याच्या काड्यांसारखी वेगवेगळ्या दिशांना फिरवत औषध पसरवतात. एका भेटीत जास्तीत जास्त ४ मिलिलिटर. पहिल्या वेळी दर मिलिलिटरला १० लाख विषाणू, तीन आठवड्यांनी १० कोटी आणि मग दर दोन आठवड्यांनी तेवढेच. पहिली मात्रा कमी ठेवतात, कारण ज्याच्या शरीराला हर्पीसची ओळखच नाही त्याला आधी ती व्हावी लागते.

४३६ रुग्णांवरच्या मुख्य चाचणीत १६.३ टक्के रुग्णांमध्ये सहा महिने वा जास्त टिकणारा प्रतिसाद दिसला. नुसतं जीएम-सीएसएफ दिलेल्यांत तो २.१ टक्के होता. मला त्याहून बोलका वाटतो तो वेगळा आकडा. सुई टोचलेल्या गाठींपैकी ६४ टक्के गाठी निम्म्याने किंवा जास्त आक्रसल्या. पण ज्यांना सुई लागलीच नाही, अशा पोटातल्या-छातीतल्या अवयवांमधल्या गाठींपैकीही १५ टक्के तेवढ्याच आक्रसल्या. म्हणजे टी-पेशी एका गाठीत शिकून दुसरीकडे पोहोचल्या होत्या. असं असलं तरी त्या चाचणीत एकूण आयुर्मानातली वाढ संख्याशास्त्राच्या कसोटीवर थोडक्यात कमी पडली, आणि ही गोष्ट झाकून ठेवू नये असं मला मनापासून वाटतं. ‘विषाणूने कॅन्सर गिळला’ छापाचे मथळे वाचून लोक आशेने फोन फिरवत बसतात.

आता कार-टी. इथे विषाणूला रुग्ण दिसतसुद्धा नाही. रुग्णाच्या एका हातातून रक्त यंत्रात जातं, यंत्र त्यातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या काढतं आणि बाकीचं रक्त परत शरीरात सोडतं. काही तास हे चालतं. त्या पेशींमधल्या टी-पेशी प्रयोगशाळेत जातात आणि तिथे त्यांच्यावर लेन्टिव्हायरस सोडतात. हा एचआयव्हीच्या कुळातला. ऐकून घाबरायला होतं खरं, पण रोग करणारे भाग काढून त्याचं नुसतं टरफल ठेवलेलं असतं. त्याला स्वतःच्या प्रती काढता येत नाहीत. हे कूळ निवडण्याचं कारण म्हणजे ते आपला मजकूर पेशीच्या डीएनएत कायमचा लिहू शकतं. इथे लिहायचा मजकूर असतो एका कृत्रिम ग्राहीचा (खूण ओळखून पकडणाऱ्या, पेशीवरच्या प्रथिनाचा), म्हणजेच ‘कार’चा. ही ग्राही बी-पेशींवरच्या सीडी १९ या खुणेला पकडते; रक्ताचे काही कॅन्सर याच पांढऱ्या पेशींपासून होतात. पोस्टमनने पत्र टाकलं आणि तो गेला. पत्र मिळालेल्या टी-पेशी वाढवून, गोठवून रुग्णालयात परत येतात आणि सलाईनसारख्या शिरेतून चढवल्या जातात. गोठवताना वापरलेल्या द्रवामुळे त्या वेळी खोलीत लसणासारखा वास येतो.

यातून मूळ फरक निघतो. टी-व्हेक टी-पेशींना पत्ता सांगत नाही, तो शत्रूचे तुकडे पसरतो आणि शिकणं तुमच्याच शरीरावर सोपवतो. कार-टीत पत्ता आधीच लिहून दिलेला असतो. म्हणून टी-व्हेकला रुग्णाची प्रतिकारशक्ती शाबूत लागते, ती फार खचलेली असेल तर हा उपचार देतच नाहीत. कार-टीत उलट आहे: पेशी चढवण्याआधी केमो देऊन शरीरातल्या जुन्या लिम्फोसाइट (टी-पेशी ज्यांत मोडतात त्या पांढऱ्या पेशी) मुद्दाम कमी करतात, नव्यांना जागा व्हावी म्हणून. कॅन्सरही वेगळे. टी-व्हेकसाठी सुई पोहोचेल अशी गाठ हवी, कार-टीने आजवर जास्त यश दिलं ते रक्ताच्या कॅन्सरमध्ये.

आपल्या राज्याचा संबंध या दुसऱ्या उपचाराशी आहे. आयआयटी मुंबईत डॉ. राहुल पुरवार यांच्या गटाने टाटा मेमोरियलच्या साथीने विकसित केलेल्या ‘नेक्सकार १९’ला भारतात २०२३च्या ऑक्टोबरमध्ये मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी पवईत राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते तिचं लोकार्पण झालं. अमेरिकेत २०१७ साली आलेल्या पहिल्या कार-टीची, किमरियाची, किंमत ४,७५,००० डॉलर होती. इथला खर्च त्याच्या सुमारे एक दशांश सांगितला गेला. तरीही तो मध्यमवर्गीय घराला कर्जात बुडवू शकेल एवढा आहेच. मेलानोमा आपल्याकडे तुलनेने क्वचित आढळतो, त्यामुळे मुंबई-पुण्यात कुणी ‘विषाणूचा उपचार’ म्हणालं तर बहुधा त्याच्या मनात कार-टीच असतं.

माझ्या प्रश्नाला चकवणारं एक औषधही आहे. अमेरिकेत डिसेंबर २०२२मध्ये मान्य झालेलं, मूत्राशयाच्या कॅन्सरवरचं अॅडस्टिलॅड्रिन मूत्राशयात सोडतात. यातला अॅडिनोव्हायरस शरीरात जातो, पण तिथे वाढत नाही. अस्तराच्या पेशींना इंटरफेरॉन हे प्रतिकारयंत्रणेला जागं करणारं प्रथिन बनवण्याचं जनुक देऊन थांबतो. म्हणजे पोस्टमनच, फक्त थेट घरी आलेला.

घरच्यांना हा फरक सगळ्यात जास्त उपयोगी पडतो तो तापाच्या वेळी. टी-व्हेकनंतर पहिले काही दिवस फ्लूसारखी कणकण येते, ती अपेक्षितच असते. तिथे काळजी जखमेची घ्यायची, कारण आत जिवंत विषाणू असतो. पट्टी निदान आठवडाभर घट्ट झाकलेली हवी, ती बदलणाऱ्याने हातमोजे घालावेत, गरोदर सून किंवा तान्हं बाळ जखमेच्या, पट्टीच्या जवळ येऊ देऊ नये. विषाणू पसरलाच तर असायक्लोव्हिर त्याच्यावर चालतं. कार-टीनंतर पट्टीचा किंवा उपचारातला विषाणू घरच्यांना लागण्याचा प्रश्न येत नाही, पण ताप हा तिथे धोक्याचा इशारा असतो. कोट्यवधी टी-पेशी एकदम कामाला लागल्या की त्यांची रसायनं रक्तदाब पाडतात, श्वास अडवतात. २०१२ साली फिलाडेल्फियात सहा वर्षांची एमिली व्हाइटहेड अशीच मृत्यूच्या दारात पोहोचली होती. तिच्या रक्तात इंटरल्युकिन-६ हे त्यांपैकीच एक रसायन प्रचंड वाढलेलं दिसलं आणि संधिवातावरचं टोसिलिझुमॅब देऊन डॉक्टरांनी तिला परत आणलं. तेच औषध आज कार-टी देणाऱ्या वॉर्डात तयार ठेवलेलं असतं. म्हणून कार-टी झालेल्या रुग्णाला पहिल्या काही आठवड्यांत १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप चढला, तर क्रोसिन देऊन सकाळची वाट बघत बसू नका. रात्री दोन वाजले असले तरी गाडी काढा आणि जिथे पेशी चढवल्या ते रुग्णालय गाठा.